हात सुधारता कसा ठेवायचा? सोलापुरातल्या चित्रकारांकडून वारंवार येणारे प्रश्न

रविवारी सकाळी किल्ला बागेत स्केचिंगला जमणारी मंडळी, शाळांमधले कलाशिक्षक, चादरीचं डिझाइन किंवा दुकानांच्या पाट्या करणारे, नोकरी सांभाळून ब्रश हातात धरणारे, अशा सगळ्यांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांचं शिक्षण संपलंय किंवा रीतसर झालंच नाही, आणि ज्यांच्या चित्रावर आता लाल पेनने शेरा मारायला कोणी उरलेलं नाही, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. सगळं वाचलंच पाहिजे असं नाही, पण पहिले तीन प्रश्न सोडू नका. पुढची बरीच उत्तरं त्यांच्यावर उभी आहेत.

१. रोज किती वेळ काढायला हवा?

वीस मिनिटं. त्यातली पंधरा काढायला आणि पाच काढलेलं बघायला. तासन्‌तास बसणारे पुष्कळ भेटतात. वह्यांवर वह्या भरतात, पण दहाव्या वहीतला हात पहिल्या वहीतल्या हातासारखाच अवघडतो, नाक तिथेच चुकतं. कारण काढून झालं की पान उलटलं जातं. काढा, बघा, एक गोष्ट बदला, तेच पुन्हा काढा. या चारांपैकी मधली दोन बहुतेकांच्या सरावात नसतातच. जास्त वेळ मिळाला तर जरूर बसा, पण बघण्याचा वाटा कापू नका.

२. 'बघायचं' म्हणजे नेमकं काय? मला तर माझं चित्र बरंच वाटतं.

वाटणारच. तासभर एकाच कागदाकडे टक लावून बसलं की वाकडंही डोळ्यांना सरळ दिसायला लागतं. म्हणून डोळ्यांना थोडं फसवावं लागतं. त्याच्या चार जुन्या युक्त्या आहेत.

चित्र उलटं धरा. वरचं खाली झालं की 'घर', 'झाड' ही नावं गळून पडतात आणि नुसते आकार उरतात. व्यक्तिचित्र असेल तर आरशात बघा. एक डोळा वर गेलेला किंवा जबडा एका बाजूला सरकलेला लगेच कळतो. तिसरी युक्ती म्हणजे डोळे किलकिले करून चार पावलं मागं जाणं. आणि चौथी, फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा.

या चौथीवर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त चोरी तिथे पकडली जाते. समजा, तलावाच्या काठावरून किल्ल्याची तटबंदी रंगवली. खाली हिरवट पाणी, वर तपकिरी दगड. रंगांत पाहिलं तर दोन्ही छान वेगळे दिसतात. तोच फोटो काळा-पांढरा केला की पाणी आणि सावलीतला दगड एकच करडा पट्टा होऊन बसतात आणि भिंत पाण्यातून उगवल्यासारखी दिसते. तिथे चूक टोनची, म्हणजे किती उजळ आणि किती गडद याची असते, आणि बहुतेकजण ती आणखी हिरवा घालून दुरुस्त करायला जातात. लाल रंगाचंही तसंच. लाल चादर डोळ्यांत भरते म्हणून ती उजळ वाटते, पण काळ्या-पांढऱ्यात बघितलं तर ती चांगलीच गडद निघते.

बघून झालं की कागदाच्या मागे तारीख घाला आणि एक ओळ लिहा. 'जमलं नाही' ही ओळ धरायची नाही. 'डावा डोळा वर गेला', 'सावली मध्येच फिकी पडली', 'खांद्यापासून कोपर लांब झालं' अशी, उद्या हात घालता येईल अशी ओळ हवी.

३. माझ्या चित्रात दहा चुका असतात. एकच धरायची म्हणजे कुठली?

गेल्या काही महिन्यांतली दहा-पंधरा चित्रं जमिनीवर एका रांगेत मांडा आणि मागच्या ओळी वाचत जा. जी तक्रार सारखी सारखी येते, ती पहिली धरा. मागच्या ओळी लिहिलेल्याच नसतील तर एखाद्या मित्राला बोलवा. तो रांगेवरून एक फेरी मारेल आणि बहुधा पहिल्या मिनिटातच सांगेल.

दोन तक्रारी बरोबरीच्या असतील तर क्रम असा ठेवा: आधी प्रमाण, मग टोन, मग कडा, सगळ्यात शेवटी रंग. बाजारात नवीन ट्यूब दिसली की आपण नेमका उलटा क्रम धरतो. टोन बरोबर असेल तर रंग जरा इकडेतिकडे झालेला खपून जातो. टोन चुकला असेल तर जगातला महागातला महाग निळासुद्धा चित्र वाचवत नाही.

धरलेली चूक दोन-तीन आठवडे सोडू नका. त्या काळात बाकीच्या नऊ चुका होऊ द्या, त्यांच्यावर जीव काढू नका. सगळ्यांत जड जातं ते हेच. हाताची शर्थ करायची तयारी असते, पण समोर दिसणारी चूक तशीच सोडून उठायचं म्हटलं की जिवावर येतं.

४. रोज काढायचं ठरवतो ओ सर, चार दिवस होतं आणि सुटतं. काय करू?

पहिलं म्हणजे खाडा भरून काढायचा प्रयत्न सोडा. काल राहिलं म्हणून आज चाळीस मिनिटं, परवाचं धरून साठ, असं केलं की आठवड्यात वहीचीच भीती बसते. राहिलं ते राहिलं.

दुसरं, सरावाला स्वतंत्र मुहूर्त शोधू नका, रोजच्या एखाद्या कामाच्या शेपटीला तो बांधा. सकाळचा चहा, दुकान उघडल्यानंतरची पहिली निवांत दहा मिनिटं, मुलं शाळेला गेल्यानंतरचा वेळ. ज्या दिवशी नळाला पाणी येणार त्या दिवशी घरात काय धावपळ असते ते सोलापूरकराला सांगायला नको. त्या दिवसासाठी आधीच छोटा हिशेब ठरवून ठेवा: एकच वस्तू, बॉलपेन, पाच मिनिटं. घागर काढा. भरत आलेल्या घागरीचं तोंड लंबगोल दिसतं आणि तो लंबगोल नीट काढणं हे पुष्कळ पदविकाधारकांनाही जड जातं.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण वही कपाटात ठेवू नका. पेन आत घालून ती डोळ्यांसमोर उघडी पडलेली असू द्या.

५. वही, कागद, रंग कोणते घ्यावेत?

सरावाची वही स्वस्त हवी, इतकी की पान वाया गेलं तरी हळहळ वाटू नये. बाँड पेपर किंवा न्यूजप्रिंट पुरे. जलरंगाला मात्र ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या, कारण पातळ कागद पाण्याने फुगतो आणि मग तुम्ही सराव रंगाचा करताय की कागद सपाट करण्याचा, हेच कळत नाही. चोवीस ट्यूबांची पेटी लागत नाही. एक उबदार आणि एक थंड पिवळा, तसेच दोन लाल, अल्ट्रामरीन निळा, आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढ्यावर वर्ष जातं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून सुरेख करडे मिळतात, काळी ट्यूब लागतच नाही. विकायच्या चित्रात अलिझरिन क्रिमसन वापरण्याआधी ट्यूबवरची टिकाऊपणाची खूण बघा. अस्सल अलिझरिन उजेडात फिकं पडतं.

६. सोलापुरात काढण्यासारखं आहे काय? निसर्ग म्हणावा असा नाहीच.

ही तक्रार कोकणात जाऊन आलेल्या माणसाची असते. हिरवं म्हणजेच निसर्ग असं धरलं तर आपल्याकडे चार महिनेही भरायचे नाहीत. पण हात सुधारायला विषयांची रेलचेल लागत नाही. एकच विषय पुन्हा पुन्हा लागतो. तो स्थिर असला की काल आणि आज यांत बदललं काय, ते कळतं: तुमचा हात. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर कितीदा तरी रंगवला. आपल्याकडे सिद्धेश्वर तलाव आहे, पाण्याच्या मधोमध देऊळ आहे, शेजारी भुईकोट किल्ला आहे. एकच जागा ठरवा आणि सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा अशा वेळांना तिथेच बसा.

मालिका हवी असेल तर सिद्धरामेश्वरांची शहरभर पसरलेली अडुसष्ट लिंगं आहेत. काही मोठ्या देवळात, काही गल्लीबोळांत घरांच्या मध्ये. एकेक गाठून काढलं तर वर्षाचा कार्यक्रम होतो, आणि शहराच्या अशा भागांत पाय पडतो जिथे एरवी आपलं काही काम नसतं.

गड्डा यात्रा तर टोनचा आणि हालचालीचा वर्गच. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात, धरणारे पांढऱ्या बाराबंदीत. पांढऱ्या कपड्यांची गर्दी, त्यावर जानेवारीचं कोवळं ऊन. सावलीतला पांढरा कपडा उन्हातल्या पांढऱ्यापेक्षा किती गडद असतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय पटत नाही. गर्दीत कोणी पोज देत नाही, म्हणून तीस सेकंदांत माणूस पकडायला शिका: आधी मणक्याची रेघ, मग खांदे-कमरेचा कल, चेहरा शेवटी, वेळ उरला तर.

आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी कडक भाकऱ्यांची चळत मांडावी. मी हे गमतीने म्हणत नाही. कलिंगड दोन दिवसांत बसतं, फुलं संध्याकाळी मान टाकतात, पण कडक भाकरी आठवडेच्या आठवडे तशीच राहते. कडेला ती वर-खाली वळलेली असते, प्रत्येकीचा लंबगोल वेगळा, मध्ये करपल्याचे ठिपके, दोन भाकऱ्यांमधल्या फटीत काळोखी सावली. तिच्यात प्रमाण, टोन आणि कडा तिन्ही आले, आणि रंग जवळजवळ एकच. याहून शहाणं मॉडेल मला माहीत नाही. काम संपल्यावर शेंगा चटणीबरोबर खाताही येतं.

७. उन्हाळ्यात रंग कागदावर टेकायच्या आत वाळतो. एप्रिल-मे सरावच बंद ठेवायचा का?

बंद नको, पद्धत बदला. पारा चाळिशीपार गेला आणि हवा कोरडी असली की ओल्यावर ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, बाहेर जमत नाही, कडा घट्ट होतात. उपाय असे: कागद दोन्ही बाजूंनी चांगला भिजवा आणि अॅक्रिलिकच्या किंवा काचेच्या पाटीवर चिकटवून ठेवा. खालची बाजू ओली राहिली की वरची उशिरा वाळते. वॉशचा रंग ब्रश उचलण्याआधीच वाटीभर तयार करून ठेवा. मध्येच कालवत बसलात की कड पडलीच. ब्रश एक-दोन नंबर मोठा घ्या. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तरी थोडी सवड मिळते, पण जास्त पडले तर चित्र दिवसभर चिकट राहतं.

डेझर्ट कूलर लावलेली खोली जलरंगाला उत्तम, कारण तो हवेत ओलावा सोडतो. झोत मात्र थेट कागदावर नको. अॅक्रिलिकवाल्यांनी पॅलेटवर ओलं कापड पसरून त्यावर बटर पेपर ठेवावा आणि त्यावर रंग काढावा. तैलरंगात नियम नेहमीचाच, खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उन्हाळ्यात वरचा थर लवकर धरलेला दिसतो म्हणून घाईने त्यावर चढत जाऊ नका, नाहीतर पुढे तडे जातील.

बाहेर बसायचं तर सकाळी नऊपर्यंत. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं, सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात आणि समोरचं सगळं सपाट दिसतं. ती दुपार प्रश्न ३ मधल्या रांगेसाठी वापरा. पंख्याखाली जुनी चित्रं मांडून बसायला मे महिन्याच्या दुपारीइतकी चांगली वेळ नाही.

८. फोटोवरून काढलं तर चालतं का?

चालतं, पण त्याच्या खोड्या माहीत हव्यात. फोनने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. सावल्यांमधले रंग फोटोत काळे होतात, प्रत्यक्षात त्यात निळे-जांभळे असतात. फोटोवरून एक चित्र काढलं की समोर बसवून एक काढा, म्हणजे कॅमेऱ्याची सवय डोळ्याला लागत नाही. फोटो शक्यतो स्वतःचा वापरा. दुसऱ्याचा असेल आणि चित्र विकायचं असेल तर त्याची परवानगी घ्या.

९. मोठ्या चित्रकारांची नक्कल करणं वाईट का?

अजिबात नाही. मात्र आख्खं चित्र गिरवण्यापेक्षा एक प्रश्न घेऊन एक तुकडा करा: ही साडीची घडी याने किती टोनमध्ये संपवली? हा हात पार्श्वभूमीत कुठे विरघळवला? उत्तर मिळालं की थांबा. कागदावर 'अमुक यांच्यावरून' असं लिहून ठेवा आणि ते काम आपलं म्हणून विकू नका.

मूळ चित्र बघायला मिळालं तर सोडू नका. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी रविवर्मा पाहिलेत ते कॅलेंडरांवर आणि ओलिओग्राफमध्ये, म्हणजे जुन्या छापील प्रतींमध्ये. मुळात ब्रश कुठे जाड बसलाय आणि कुठे नुसता पुसून गेलाय, ते छपाईत येत नाही. चित्रं बघायला पुण्याला जायचं तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं, वाटेत डब्यातली झोपलेली माणसं स्केचला फुकट मिळतात.

१०. चित्र कोणाला दाखवू? घरचे छान म्हणतात, ग्रुपवर नुसते अंगठे येतात.

अंगठ्यांचा आनंद घ्या, त्यावरून निष्कर्ष काढू नका. सल्ला हवा असेल तर प्रश्न नेमका विचारा. 'कसं वाटलं?' याला 'छान' हेच उत्तर येणार. 'तुमची नजर आधी कुठे गेली?', 'ही बाई बसलीय की उठतेय?' असं विचारलं की चित्र न काढणारा माणूसही अचूक बोलतो, आणि पुष्कळदा कलाकारापेक्षा जास्त कामाचं बोलतो. आपल्याहून पुढे असलेला एखादा हवा, तो मोजकं सांगेल. बरोबरीचा एखादा हवा, तो सोबत चालेल.

समोरचा बोलत असताना दोन मिनिटं गप्प बसा. 'त्याचं काय झालं, उजेड गेला होता…' हे स्पष्टीकरण सुरू झालं की त्याचं बोलणं संपलं.

११. मी कलाशिक्षक आहे. दिवसभर मुलांची चित्रं बघून माझं स्वतःचं काहीच होत नाही.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी इतरांना पैसे देऊन मिळणार नाही: रोज फळ्यावर, उभ्याने, पन्नास जोड्या डोळ्यांसमोर काढावं लागतं. प्रात्यक्षिक पाठ झालेलं आहे म्हणून तेच ते झोपडीचं चित्र काढू नका. खिडकीतून दिसणारी एक गोष्ट रोज फळ्यावर काढा, पुसण्याआधी फोटो घ्या.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांकडून स्मरणचित्राचा सराव करून घेताच. त्यांच्याबरोबर स्वतःही बसा, फक्त विषय मोठ्यांचा घ्या. संध्याकाळी घरी जाताना एसटी स्टँडवर दोन मिनिटं एकाच दृश्याकडे बघा, फोटो नको, घरी जाऊन काढा. दुसऱ्या दिवशी तिथेच उभं राहून पडताळा. ज्या जागा रिकाम्या राहिल्या किंवा मनाने भरल्या, तिथे तुम्ही बघितलंच नव्हतं. प्रश्न २ मधला 'बघणं' चित्र काढण्याआधी करायचा हा प्रकार आहे.

१२. मी चादर-टॉवेलच्या डिझाइनचं काम करतो. ते कलेत धरायचं की पोटापाण्यात?

दोन्हीत. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत उमेदीची वर्षं सिनेमाची होर्डिंग्ज रंगवण्यात घालवली. मोठ्या आकारावर ठाम रेघ ओढायला असलं काम शिकवतं.

तुमच्या कामातली सुधारणा मात्र तुमच्याच मापाने मोजा. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, ग्राफवर प्रत्येक चौकोन म्हणजे ताणा आणि बाण्याची, उभ्या आणि आडव्या धाग्याची, एक गाठभेट. तिथे वळण असं नसतंच, पायऱ्या असतात. मोराची मान ग्राफवर काढताना दोन चौकोन आडवे, एक उभा, मग एक आडवा, एक उभा, मग एक आडवा, दोन उभे असं जावं लागतं. या पायऱ्यांचा हिशेब मध्येच तुटला तर चादरीवर मानेला कुबड येतं. हल्ली हे संगणकावर होत असलं तरी गणित तेच. म्हणून आराखडा आणि विणून आलेला नमुना शेजारी शेजारी ठेवून बघा. पडद्यावर सुबक दिसलेलं कापडावर कुठे बिघडलं, ती ओळ नमुन्याला कागद टाचून लिहा. मालक विचारेल हे काय. सांगा, पुढच्या डिझाइनचा खर्च वाचवतोय.

दिवसभर ग्राफमध्ये डोळे घालणाऱ्याने घरी मोठा कागद आणि कोळसा घ्यावा. बारीक कामाने आखडलेल्या हाताला तेच औषध.

१३. दोन वर्षं झाली, पुढे सरकतच नाही. आता काय?

आधी खरंच अडलंय का ते तपासा. दोन वर्षांपूर्वीचा एखादा विषय जुनं चित्र न बघता पुन्हा काढा, मग दोन्ही शेजारी ठेवा. पुष्कळदा हात पुढे गेलेला असतो, पण नजर त्याहून पुढे गेलेली असते. म्हणून सगळंच फडतूस वाटतं. अशा वेळी काही बदलायची गरज नाही, सराव चालू ठेवा.

दोन्ही सारखीच निघाली तर मात्र तुम्ही जमतं तेच काढत आहात. आकार, साधन आणि वेळ यांतलं एक मोडा. नेहमी हातभर कागदावर काढत असाल तर पोस्टकार्डावर काढा. ब्रशने काढत असाल तर काडीला शाई लावून काढा. तासाचं चित्र दहा मिनिटांत संपवा. तिन्ही एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही (प्रश्न ३).

१४. सरावच करत बसतो, मोठं चित्र पूर्णच होत नाही.

सराव ही लपायचीही छान जागा आहे. 'अजून हात तयार नाही' म्हणत दहा वर्षं काढता येतात. वर्षाला निदान काही चित्रं सही करून, फ्रेम लावून घराबाहेर गेलीच पाहिजेत असा नेम ठेवा. किती, ते आपापल्या कामावर ठरेल. वासुदेव गायतोंडे वर्षात मोजकेच कॅनव्हास करत, तेव्हा आकडा लहान म्हणून लाजायचं कारण नाही. एक पथ्य पाळा: मोठ्या चित्रात नवीन तंत्र शिकायला जाऊ नका. ते आधी छोट्या कागदांवर निपटून घ्या.

१५. गिऱ्हाइकाला माझं जुनंच काम आवडतं. सुधारलो की विक्री कमी होते. मग?

हा प्रश्न खाजगीत विचारला जातो, पण विचारतात पुष्कळ. फोटोवरून व्यक्तिचित्रं करून देणाऱ्यांना गुळगुळीत गाल आणि चकचकीत दागिने मागितले जातात, आणि आपल्याला तोवर तुटक ब्रशची गोडी लागलेली असते. माझं मत स्पष्ट आहे: ऑर्डर जशी ठरली तशीच करा. पैसे घेऊन गिऱ्हाइकाच्या आजोबांवर प्रयोग करू नयेत. पण त्याच ऑर्डरमध्ये गिऱ्हाइकाला न दिसणारी सुधारणा करता येते. साम्य कमी वेळात आणा, टिकाऊ रंग वापरा, हात जास्त जिवंत काढा. नवीन पद्धतीची दोन-तीन चित्रं दुकानात टांगून ठेवा, किंमत जुन्यापेक्षा कमी करू नका. विचारणारा येतो. उशिरा येतो, पण येतो.

१६. घरात दुखणं निघालं, सहा महिने ब्रशला हात नाही. सुरुवात कुठून करू?

जिथे सोडलं होतं तिथून नको. तिथे हात जाणार नाही आणि मन खट्टू होईल. पहिला आठवडा प्रश्न ४ मधली पाच मिनिटांची वस्तू, एवढंच. मागे ओळ लिहायचीही गरज नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ओळ सुरू करा. हात वाटतो त्यापेक्षा लवकर परत येतो.

१७. मनगट दुखतं. शिवाय आता डोळ्यांचं ऑपरेशनही झालंय. सराव कसा ठेवू?

दुखत असताना रेटू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांचा दोष बसण्यात असतो. मांडीवर वही, मान खाली, आणि सगळी हालचाल मनगटातून. कागद उभ्या पाटीवर लावा आणि खांद्यापासून हात फिरवा. रेघही सुधारते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रंग बदललेले वाटतात, निळे जास्त निळे आणि पांढरे थंड. पिवळसर झालेलं भिंग निघून गेल्यामुळे हे होतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं १९२३ मध्ये असं ऑपरेशन झालं, त्यांनाही रंगांचा मोठा गोंधळ सोसावा लागला. तेव्हा पहिले काही महिने जुनी चित्रं 'फार पिवळी झालीत' म्हणून दुरुस्त करायला घेऊ नका. त्या काळात पेन्सिल आणि कोळशावर रहा, टोनचा सराव रंगाशिवायही पूर्ण होतो.

१८. टॅबवर काढतो. हेच नियम लागू का?

हो, एक वाढवून: सरावाच्या वीस मिनिटांत मागे जायचं बटण वापरायचं नाही. चुकलेली रेघ पुसली गेली की प्रश्न २ मध्ये बघायला काही उरतच नाही. नवीन लेयर घ्या, बरोबर रेघ त्यावर काढा, चुकलेली खाली राहू द्या. फाइलच्या नावात तारीख घाला.

१९. सुधारणा थांबवावी अशीही वेळ असते का?

असते. प्रदर्शनासाठी वीस चित्रांची मालिका चालू असेल आणि बाराव्या चित्रात काही नवं सापडलं, तर पुढची आठ त्या नव्या पद्धतीने करू नका. भिंतीवर ती दोन माणसांची वाटतील. पहिल्या अकरांना पुन्हा हात लावायचा मोहही आवरा. जे सापडलं ते वहीच्या शेवटच्या पानावर, छोट्या नमुन्यासह टिपून ठेवा, आणि मालिका सुरू केली त्याच हाताने संपवा. अपवाद एकच: सापडलेली गोष्ट टिकाऊपणाची असेल, म्हणजे एखादा रंग उडतोय किंवा कागदाला बुरशी येतेय असं दिसलं असेल, तर तिथेच थांबा आणि पहिल्या चित्रापासून तपासा.